उत्तरकथा आणि उत्तरदायित्व : एस. ई. हिंटन यांच्या कादंबरीतील 'मोठे होणे'

१

कादंबरी संपल्यावर तिच्यातील माणसांचे पुढे काय झाले असेल, असा प्रश्न वाचकाच्या मनात बहुधा उरतोच. परंतु हा प्रश्न वाचकाचा असतो. तो त्या कादंबरीचाही असतो असे नाही. फ्रँक कर्मोड यांनी 'द सेन्स ऑफ ॲन एंडिंग' (१९६७) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे कथेतील घटनांना अर्थ लाभतो तो तिच्या अंताच्या अनुरोधाने. आरंभ आणि मध्य यांची संगती अंत लावून देतो. हे मान्य केले तर उत्तरकथेचे अस्तित्व मुळातच अडचणीचे ठरते. कारण ती एका लागलेल्या संगतीला पुन्हा मोकळे करते. झेरार झनेत यांनी 'पालँपसेस्त' (१९८२) मध्ये दुसऱ्याची अपुरी राहिलेली कृती पूर्ण करणे आणि स्वतःच्याच पूर्ण झालेल्या कृतीला तिच्या अंतापलीकडे नेणे यांत भेद केला आहे. यांपैकी दुसऱ्या प्रकारामागे पहिल्या कृतीला मिळालेल्या यशाचा पुन्हा लाभ घेण्याची प्रेरणा असते, हे त्यांचे निरीक्षण बहुतांश उत्तरकथांना लागू पडते. मात्र क्वचित एखादी उत्तरकथा पहिल्या कृतीचा केवळ विस्तार करीत नाही. पहिल्या कृतीने जे मूल्य सिद्ध झाले असे मानलेले असते, तेच ती पुन्हा कसोटीला लावते. अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांची 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' (१९७१) ही कादंबरी या दुर्मीळ प्रकारात मोडते.

कुमारवयीन वाचकांसाठीचे साहित्य म्हणून हिंटन यांच्या लेखनाचे वर्गीकरण झाल्यामुळे साहित्यसमीक्षेने त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. अमेरिकेत शालेय अभ्यासक्रम आणि ग्रंथालये यांनी त्यांना मान्यता दिली. अशा साहित्यातील दीर्घ परिणामकारक लेखनासाठी दिला जाणारा मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार १९८८ मध्ये पहिल्यांदा देण्यात आला, तो हिंटन यांनाच. परंतु या मान्यतेबरोबर एक ठरावीक वाचनपद्धतीही आली. या कादंबरीकडे 'अमली पदार्थांचे दुष्परिणाम' आणि 'योग्य निर्णय घेण्याचे धैर्य' यांचा पाठ देणारी बोधकथा म्हणून पाहिले जाऊ लागले. संहितेचे बारकाईने वाचन केल्यास मात्र हे वाचन टिकत नाही. परिणाम आणि बोध या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि मोठे होणे म्हणजे बोध होणे नव्हे, हेच या कादंबरीचे आशयसूत्र आहे.

२

हे स्पष्ट होण्यासाठी पूर्वकथेपासून सुरुवात करणे आवश्यक आहे. 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा हिंटन अठरा वर्षांच्या होत्या; कादंबरीचा बराचसा भाग त्यांनी शाळेत असतानाच लिहिला होता. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे त्यांचे गाव. कादंबरीत शहराचे नाव येत नसले तरी पार्श्वभूमी तीच आहे. गरीब वस्तीतील 'ग्रीझर' आणि श्रीमंत वस्तीतील 'सोश' या मुलांच्या टोळ्यांमधील वैर हा तिचा कणा. चौदा वर्षांच्या पोनीबॉयला कारंज्याच्या हौदात बुडवले जात असताना त्याचा मित्र जॉनी एका सोश मुलाला भोसकतो. पुढे जळत्या चर्चमधून लहान मुलांना वाचवताना जॉनी जबर जखमी होऊन मरतो. त्याच्या मृत्यूने उद्ध्वस्त झालेला डॅली रिकामे पिस्तूल उगारून पोलिसांच्या गोळ्या ओढवून घेतो.

घटना अशा भीषण असल्या तरी कादंबरीचा अंत समेटाचा आहे. इंग्रजीच्या शिक्षकांनी सांगितलेला निबंध लिहायला पोनीबॉय बसतो आणि जे पहिले वाक्य लिहितो, तेच कादंबरीचेही पहिले वाक्य आहे. म्हणजे वाचकाने वाचली ती कादंबरी हाच तो निबंध. हा वर्तुळाकार आकृतिबंध केवळ कौशल्याचा नाही. आपल्यासारख्या इतर मुलांना काही सांगता यावे म्हणून पोनीबॉय लिहितो. मृत्यूंना लेखनामुळे अर्थ मिळतो. रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या एका कवितेतून आलेली सोन्याची प्रतिमा या कादंबरीत बालपणाच्या निरागस ताजेपणाचे प्रतीक होते आणि मरणारा जॉनी पोनीबॉयला तो ताजेपणा जपण्यास सांगतो. थोडक्यात, 'द आउटसायडर्स'चा अंत दोन गोष्टींवर विसंबून आहे : भाऊपणाचे मूल्य अबाधित आहे, आणि घडलेले सांगितल्याने सांगणारा सावरतो.

या कादंबरीच्या यशानंतर हिंटन यांना दीर्घ काळ लिहिणे अशक्य झाले होते. पुढे ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या मित्राच्या आग्रहामुळे त्यांनी रोज दोन पाने लिहिण्याचा नेम केला, आणि त्यातून दुसरी कादंबरी पूर्ण झाली. हा तपशील चरित्रात्मक असला तरी तो अगदीच गैरलागू नाही. पहिल्या कादंबरीत लेखन हा सुटकेचा मार्ग होता. दुसऱ्या कादंबरीत निवेदक का सांगतो आहे, कोणाला सांगतो आहे, याचे कोणतेही कारण दिलेले नाही. निबंध नाही, शिक्षक नाहीत, उद्देशिलेला वाचक नाही. सांगण्याच्या सामर्थ्यावरील विश्वास येथे उरलेला नाही.

३

'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ'चा निवेदक ब्रायन डग्लस सोळा वर्षांचा आहे. त्याच्या घरी त्याच्या वयाचाच मार्क राहतो. मार्कच्या आईवडिलांनी दारूच्या नशेतील भांडणात एकमेकांना गोळ्या घातल्या, तेव्हा नऊ वर्षांच्या मार्कला ब्रायनच्या आईने घरी आणले. रक्ताचे नाते नसलेले हे दोघे सख्ख्या भावांहून जवळचे आहेत. वस्ती तीच, काळ थोडा पुढचा. पोनीबॉय येथेही येतो. परंतु आता तो दुय्यम पात्र आहे. कॅथी या मुलीवरून ब्रायनला त्याचा मत्सर वाटतो, आणि म्हणून पहिल्या कादंबरीत वाचकाने ज्याला आतून ओळखले त्याला तो येथे एका नाराज मुलाच्या नजरेतून, बाहेरून पाहतो. पात्र तेच ठेवून दृष्टिकोन असा पालटल्यामुळे पूर्वकथेतील सहानुभूतीचे वाटपही किती दृष्टिकोनसापेक्ष होते, हे ध्यानात येते.

याहून महत्त्वाचा बदल सामाजिक आहे. 'द आउटसायडर्स'मध्ये दुःखाचा कर्ता बाहेर होता : पैसेवाल्यांची मुले, त्यांच्या मोटारी, त्यांना पाठीशी घालणारी व्यवस्था. दुसऱ्या कादंबरीत टोळ्यांचे ते जग विरत चालले आहे. केस वाढवलेली हिप्पी मुले आली आहेत, व्हिएतनाम युद्धाची सैन्यभरती चालू आहे, आणि कोण कोणत्या बाजूचा हे कपड्यांवरून ओळखता येत नाही. मार्कला जुन्या टोळीतील एकजुटीची हुरहूर लागते. ब्रायनला ते दिवस संपले आहेत हे उमगते. शत्रू नाहीसा झाल्याने गरिबी नाहीशी होत नाही. ब्रायनची आई शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात आहे, घरात पैसा नाही, आणि मार्क कोठून तरी पैसे आणत राहतो. मात्र दोष टाकायला आता समोर कोणी नाही. त्यामुळे 'हे कोणामुळे घडले?' हा प्रश्न स्वतःकडे वळतो, आणि उत्तरकथेला उत्तरदायित्वाच्या प्रश्नाकडे नेणारा रस्ता येथूनच फुटतो.

कादंबरीची रचना कार्यकारणाच्या साखळ्यांनी झालेली आहे. पहिली साखळी पूलच्या टेबलाची. ब्रायन आणि मार्क अनोळखी गिऱ्हाइकांना खेळात गंडवून पैसे मिळवतात. बारचा मालक चार्ली त्यांना यातील धोका सांगून ठेवतो. एका रात्री गंडवले गेलेले दोन टेक्सासवाले त्यांना गल्लीत गाठतात, चार्ली बंदूक घेऊन मुलांना सोडवायला येतो आणि गोळी लागून मरतो. चार्लीचे वय अवघे बावीस. दुसरी साखळी अँजेला शेपर्ड या मुलीची. तिने पोनीबॉयविरुद्ध चिथावलेला मुलगा बाटली उगारतो, ती मध्ये पडलेल्या मार्कच्या डोक्यात बसते. त्याचा सूड म्हणून मार्क आणि ब्रायन तिला दारू पाजतात व मार्क तिचे लांब केस कापून टाकतो. मग तिचे भाऊ ब्रायनला बेदम मारतात. आता मार्कने त्या भावांना गाठायचे, अशी या जगाची रीत आहे. ब्रायन त्याला अडवतो. मारामारीतून मारामारीच जन्मते हे त्याला अंथरुणावर पडल्यापडल्या उमगलेले असते.

या दोन साखळ्यांच्या जोडीला रुग्णालयात भेटणाऱ्या माइक चेंबर्सची उपकथा आहे. एका कृष्णवर्णीय मुलीला आपले मित्र त्रास देत असताना माइकने तिला सोडवले, घरी पोहोचवले, आणि तिच्या वस्तीतील मुलांनी त्यालाच मारून रुग्णालयात पाठवले. माइकच्या मनात त्या मुलीविषयी द्वेष नाही. तिने तसे का केले असेल, हे तो समजून घेऊ पाहतो. मार्कला हा वेडेपणा वाटतो. ब्रायन मात्र ती गोष्ट मनात ठेवतो. वरवर सैल वाटणारा हा प्रसंग कादंबरीचा नैतिक मानदंड आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो साखळी थांबवू शकतो, ही शक्यता येथे नोंदवली जाते. ब्रायनची वाटचाल याच दिशेने होणार, असे मधल्या प्रकरणांपर्यंत वाचकाला वाटत राहते. सूड नाकारणारा ब्रायन प्रौढ होऊ लागला आहे, असा निष्कर्ष काढण्यास पुरेसा आधार आहे. हिंटन यांचे खरे धाडस यापुढे सुरू होते.

४

कॅथीचा धाकटा भाऊ, 'एम अँड एम' या गोळ्यांच्या वेडावरून तेच नाव पडलेला, घर सोडून जातो. तो सापडतो तेव्हा एलएसडीच्या अमलाखाली भ्रमिष्ट अवस्थेत असतो, आणि पूर्वीचा तो पुन्हा होईल की नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्याला रुग्णालयात पोहोचवून ब्रायन घरी येतो, सिगारेट शोधताना मार्कच्या गादीखाली हात घालतो, आणि गोळ्यांचा साठा त्याच्या हाती लागतो. मार्क पैसे कोठून आणत होता हे त्याला कळते. तो पोलिसांना फोन करतो. मार्क घरी आल्यावर आपण काय केले हेही तो सांगतो. परंतु मार्कचा त्यावर विश्वासच बसत नाही.

या कृतीचे मूल्यमापन कसे करायचे, यावर सगळ्या कादंबरीचा अर्थ अवलंबून आहे. कायद्याच्या दृष्टीने ब्रायन बरोबर आहे. समाजहिताच्या दृष्टीनेही तो बरोबर आहे, कारण मार्क विकत असलेल्या गोळ्या एम अँड एमसारख्याच मुलांच्या हाती जात असणार. बोधवादी वाचन येथेच थांबते. पण संहिता थांबत नाही. ब्रायनने फोन केला तो विचारांती नव्हे. त्या रात्रीच्या संतापात आणि दुःखात. कॅथीच्या भावाऐवजी अनोळखी मुलगा असता तर त्याने फोन केला असता का, हा प्रश्न संहितेतच सुप्त आहे. एका भावाच्या वाताहतीचा हिशेब त्याने दुसऱ्या भावाकडून चुकता करून घेतला, असेही या कृतीचे वर्णन करता येईल. तसे केल्यास, अँजेलाच्या भावांविरुद्ध सूड नाकारणारा ब्रायन अखेरीस सूडाच्याच साखळीत सापडला असे म्हणावे लागते. योग्य कृती आणि सूडाची कृती या एकच असू शकतात, आणि ती करणाऱ्यालासुद्धा त्या वेगळ्या करून दाखवता येत नाहीत. ही गुंतागुंत कोणत्याही बोधकथेला पेलणारी नाही.

पुढचे परिणाम हिंटन थंडपणे नोंदवतात. ब्रायन खटल्यात साक्ष देतो. मार्कला सुधारगृहात पाच वर्षांची शिक्षा होते. ज्या कॅथीच्या भावासाठी हे सारे झाले तिच्याशी ब्रायन कोरडेपणाने वागू लागतो आणि ते नाते तुटते. पुढे ती पोनीबॉयबरोबर दिसू लागते. सुधारगृहात भेट होते तेव्हा मार्कच्या मनात द्वेषाखेरीज काही उरलेले नसते, आणि नंतर त्याची रवानगी तुरुंगात होते. ज्या संस्थेचे नाव सुधारगृह आहे तिने काय सुधारले, यावर निवेदक भाष्य करीत नाही. तपशीलच पुरेसा ठरतो.

येथे एका प्रतिमेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. मार्कचे डोळे सोनेरी आहेत आणि निवेदक त्याला आरंभापासून सिंहाच्या रूपात पाहतो. पहिल्या कादंबरीत सोने हा जपण्याजोगा निरागसपणा होता. दुसऱ्या कादंबरीत तोच रंग बेगुमानपणाचा होतो. मार्क क्रूर नाही. झाले ते झाले, जे समोर येईल ते घ्यावे, या वृत्तीने तो जगतो. परिणामांचा विचार न करणे हेच त्याचे बालपण, आणि तेच त्याचे आकर्षण. शेवटच्या भेटीत त्या सोनेरी डोळ्यांत ब्रायनला श्वापदाची ओळख नसलेली नजर दिसते. जॉनीने जपायला सांगितलेले सोने मोठ्या वयात तसेच उरले तर त्याचे काय होते, याचे हे उत्तर आहे. पूर्वकथेचा याहून कठोर प्रतिवाद कल्पिणे कठीण आहे, आणि तो त्याच लेखिकेने चार वर्षांच्या आत केला आहे.

५

ग्यॉटं यांच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून (१७९५–९६) आलेल्या घडणीच्या कादंबरीच्या परंपरेत या कृतीचे स्थान कोठे? फ्रँको मोरेत्ती यांनी 'द वे ऑफ द वर्ल्ड' (१९८७) मध्ये या प्रकाराचा विचार व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजाची मागणी यांतील तडजोडीच्या अंगाने केला आहे. अभिजात रूपात नायक समाजाच्या नियमांना केवळ शरण जात नाही, ते नियम त्याला स्वतःचे वाटू लागतात. या स्वीकारातच त्याची परिपक्वता असते. ब्रायनच्या बाबतीत ही प्रक्रिया बाह्यतः पूर्ण होते. तो कायद्याच्या बाजूने उभा राहतो, सुपरमार्केटात नोकरी करतो, भांडणे टाळतो. परंतु आतून तो बधिर झालेला आहे. समाजाला हवा तसा माणूस तयार झाला आहे, आणि त्या माणसाला स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लागेनासा झाला आहे. ज्या वयात सगळी उत्तरे ठाऊक होती ते वय परत यावे, अशी त्याची अखेरची इच्छा आहे. शिकवण मिळाल्याची नोंद शेवटी कोठेही नाही. निवेदक मागे वळून पाहतो, त्याला घटनांचा क्रम नीट आठवतो. पण 'असे झाले नसते तर' या प्रश्नांपलीकडे त्याला जाता येत नाही.

म्हणून शीर्षकाचा अन्वयार्थही सावधपणे लावावा लागतो. 'तेव्हाचे तेव्हा, आताचे आता' हे म्हणणे सामान्य बोलण्यात भूतकाळ झटकून टाकण्यासाठी वापरले जाते. कादंबरीभर मात्र तेव्हाचे आतामध्ये शिरत राहते : पूलच्या टेबलावरील चलाखी चार्लीच्या मृत्यूत, कापलेले केस मोडलेल्या हाडांत, भावाने आणलेला पैसा दुसऱ्याच्या भावाच्या भ्रमिष्टपणात. शीर्षक जे वेगळे करू पाहते ते कथानक जोडून दाखवते, आणि या ताणात कादंबरीची उपरोधाची शक्ती आहे.

कादंबरीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. एलएसडीचे चित्रण भीतीच्या एकाच सुरात होते. त्या पिढीला त्याचे आकर्षण का वाटले, याचा शोध घेतला जात नाही. स्त्रीपात्रे प्रायः पुरुषांच्या साखळीतील दुवे म्हणून येतात. केस कापले जाणे हा अँजेलासाठी काय अनुभव होता, हे संहितेला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. तिच्या भावांनी दिलेला मार अधिक महत्त्वाचा ठरतो. माइकच्या उपकथेतील कृष्णवर्णीय मुलगी त्याच्या उदारतेची पार्श्वभूमी होऊन राहते, तिची बाजू माइकच्या तर्कातूनच कळते. एका स्त्रीने, स्त्री असल्याचे लक्षात येऊ नये म्हणून आद्याक्षरांनी प्रसिद्ध केलेल्या लेखनात पुरुषांच्या जगाला मिळालेले हे प्राधान्य साहित्यव्यवहाराबद्दल बरेच काही सांगून जाते. उत्तरदायित्वाचा प्रश्न मांडणारी कादंबरी सर्वांनाच उत्तर देण्यास बांधील मानत नाही, असा आक्षेप त्यामुळे रास्त ठरतो.

तरीही मूळ प्रश्नापासून लेखिका पुढेही सुटका करून घेत नाही, हे महत्त्वाचे. 'टेक्स' (१९७९) या नंतरच्या कादंबरीत दोघा भावांच्या गाडीत बसून त्यांनाच ओलीस धरणारा, तुरुंगातून पळालेला एक तरुण येतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. तो मार्क असतो. 'टेक्स'च्या कथानकात हा एक थरारक प्रसंग आहे. परंतु १९७१ ची कादंबरी वाचलेल्याला ब्रायनच्या त्या फोनचा शेवट येथे झालेला दिसतो. ब्रायन त्या पानांवर नाही. त्याने ही बातमी ऐकली का, ऐकून त्याला काय वाटले, हे हिंटन सांगत नाहीत. डॅली आणि मार्क यांचा मृत्यू एकाच रीतीने होतो, पण पहिल्या कादंबरीत डॅलीसाठी शोक करणारा निवेदक होता. मार्कच्या मृत्यूजवळ त्याला ओळखणारे कोणीही नाही.